डावीकडे ओढणारी वायर

सांगलीत हळदीचे सौदे चालू असतात तेव्हा आमच्या अडत दुकानात कुणी फोन घेत नाही. मी घेतला, कारण त्या वेळेला आई कधीच फोन करत नाही.

“मी येते तुज्याकडं ऱ्हायला,” ती म्हणाली. “हितं भितीशी बोलायचं, तर तितं खिडकीशी बोलंन. खिडकीतनं वारं तरी येतं.”

मी हसले. पलीकडून हसणं आलं नाही. पिशवी भरून खुंटीला टांगली आहे, आत दोन पातळं आणि गोळ्यांची डबी आहे, आता एसटीत बसायचं तेवढं बाकी, असं तिनं सांगितलं. भिंत म्हणजे आमचे आप्पा, माझे वडील. ते तिला ओ देत नाहीत ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलेय. पूर्वी निदान अधूनमधून एखादी हाक लागू पडायची. आता तीही बंद झाली होती आणि त्याला कारण मी होते.

“त्या बोंड्या तूच दिल्यास न्हवं?”

बोंड्या म्हणजे इअरफोन. दिले मीच होते. आप्पा पहाटेपासून मोबाईलवर भजनं लावायचे. आवाज एवढा, की समोरच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. ह्यांचं कायतरी कर म्हणून आईनंच माझ्यामागे लकडा लावला होता. मग मी स्वतःसाठी हौसेनं घेतलेले चांगले इअरफोन त्यांना देऊन टाकले. घर शांत झालं. इतकं शांत झालं की आईनं पिशवी भरली.

मला आईचा राग आला, आप्पांचा आला आणि सगळ्यांत जास्त त्या इअरफोनचा आला. माणसांपेक्षा वस्तूंवर चिडणं मला कायम सोपं गेलं आहे. वस्तू उलट बोलत नाहीत आणि बहुतेक वेळा दुरुस्त होतात.

आमचं गाव साताऱ्याच्या थोडं अलीकडे. घरटी एक तरी माणूस फौजेत, काही घरांत दोन. आप्पा तोफखान्यात होते. निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण गावात फौजी माणूस कधी निवृत्त होत नाही. तो जे जे काही करील त्याला एकच शब्द असतो, मिलिटरी. आप्पा चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालतात: मिलिटरी. चहा स्टीलच्या मगातच पितात: मिलिटरी. चालताना आम्हा सगळ्यांना उजव्या हाताला घेऊन स्वतः डाव्या कडेनं चालतात, साधं बोलतानाही ओरडल्यासारखं बोलतात, आईनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत: मिलिटरी, मिलिटरी, मिलिटरी. माझी आत्या तर कौतुकानं सांगायची, “फौजी मानूस एकदाच बोलतोय. पटलं तर बोलतोय, न्हाईतर गप.” आईला हे कौतुक कधी पटलं नाही, पण तीही हाच शब्द वापरायची. फक्त ती तो कपाळाला हात लावून वापरायची.

मी रविवारी गेले. आप्पा पुढच्या सोप्यात त्यांच्या खुर्चीवर बसले होते. ही खुर्चीही मिलिटरीच. उजव्या हाताला फाटक आणि रस्ता, डाव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, आणि ती तसूभरही हलवायची नाही. मी समोर उकिडवी बसले आणि विचारलं, “काय होतंय नक्की? नीट ऐकू येत नाही का?”

“बारीक केलं तर येत न्हाई,” आप्पा म्हणाले, “मोठं केलं तर टोचतंय.”

“मग मधे ठेवा ना.”

“मधी बी टोचतंय आन् येत बी न्हाई.”

ह्याचा अर्थ काय घ्यायचा? एकाच वेळी टोचतंय आणि येतही नाही, असं कसं होईल? मी इअरफोन कानात घालून बघितले. टोचत होतं हे खरं. आवाजाची पट्टी अगदी तळाशी, तरी भजनातले बुवा कानाच्या पडद्यावर उभे राहून गात होते. त्यांच्या मागे एक बारीक सूं असा आवाज. एक पायरी खाली आणलं की थेट बंद. मला वाटलं, सापडलं. इअरफोन फार तिखट आहेत. त्यांना जरा मवाळ केलं की आप्पांचा कान मोकळा राहील, आईची हाक आत शिरेल आणि पिशवी खुंटीवरून उतरेल.

“पुढच्या रविवारपर्यंत थांब,” मी आईला म्हणाले.

“थांबते की,” ती म्हणाली. “पन पिशवी सोडनार न्हाई.”

सांगलीला येऊन मी इंटरनेटवर शोधाशोध केली. मोबाईल आणि इअरफोन यांच्या मधे एक छोटी वायर करायची, त्यात दोन्ही कानांच्या वाटेवर एकेक रेझिस्टर बसवायचा, म्हणजे विजेला थोडं अडवायचं. आवाज उतरतो आणि सूं जातो. कल्पना मला लगेच आवडली. पुढचं मात्र काही केल्या कळेना. एकजण म्हणतो अमुक ओमचाच घ्या, दुसरा म्हणतो तो घेतलात तर गाण्याचा सत्यानाश. तिसऱ्यानं एक आलेख दिला होता. तो मी मोबाईल आडवा करून आणि उभा करून पाहिला, दोन्हीकडून तो डोंगरासारखाच दिसला. मी कॉमर्सची. बेरीज चुकली तर कुठे चुकली ते शोधता येतं. इथे बेरीज कशाची तेच माहीत नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, “किती ओमचा देऊ?”

“मध्यम,” मी म्हणाले.

“ताई, मध्यम तिखट मिळतं. रेझिस्टर नाही मिळत.”

शेवटी सत्तेचाळीस आणि चारशे सत्तर असे दोन प्रकार घेतले. एक नाही जमला तर दुसरा. त्यानं दोन्ही एकाच कागदाच्या पुडीत बांधून दिले. रेझिस्टर तांदळाच्या दाण्याएवढा, त्यावर रंगीत पट्ट्या. पट्ट्यांवरून कुठला किती ते ओळखायचं. पिवळी, जांभळी, काळी म्हणजे सत्तेचाळीस. पिवळी, जांभळी, तपकिरी म्हणजे चारशे सत्तर. हे त्यानं सांगितलं आणि मी मान डोलावली.

इअरफोनची वाढीव वायर मिळते, ती मधोमध कापली. आत केसांहून बारीक तारा निघाल्या, एक लाल, एक हिरवी आणि दोन सोनेरी. सोनेरी म्हणजे उघडं तांबं असणार असं धरून मी त्या पिळून एकमेकींना शिशानं जोडल्या. लाल आणि हिरव्या तारेवरचा रंग मात्र आगकाडीनं जाळून काढला, रेझिस्टर लावले, टेप गुंडाळली. हे लिहायला दोन ओळी लागल्या. करायला संध्याकाळ गेली आणि डाव्या अंगठ्याला फोड आला. नवरा म्हणाला, आज देवाला उदबत्ती नको, शिशाचा धूर पुरे झाला.

मग मी भजन लावलं, आणि बुवा नव्हतेच.

टाळ होते. मृदंग होता. मागचे साथीदार कुठूनतरी विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येत होते. फक्त ज्यांचं भजन, ते बुवा गायब. मी वायर काढून इअरफोन थेट लावले, बुवा हजर. वायर लावली, बुवा गेले. एक रेझिस्टर माणूस ओळखून अडवतो की काय? नवऱ्याला ऐकवलं.

“पाणी प्यायला गेले असतील,” तो म्हणाला आणि जेवायला बसला.

दोन दिवस मी त्या बुवांच्या मागे होते. दुकानात पोत्यांचे आकडे सांगताना डोक्यात टाळ वाजायचे. शेवटी कुठेतरी वाचलं की सोनेरी तारेवरही पारदर्शक रोगण असतं, तेही जाळावं लागतं. नाहीतर परतीची वाट जुळतच नाही, आणि मग दोन्ही कानांत सारखा असलेला आवाज आपला आपल्यातच मिटतो. का मिटतो ते मला आजही कळलेलं नाही. मी रोगण जाळलं, पुन्हा जोडलं आणि बुवा परत आले. मला इतका आनंद झाला की मी एकटीच ‘रामकृष्णहरी’ म्हणाले.

पण बुवा परत आले ते थेट माझ्या डाव्या कानात येऊन बसले. उजवीकडे त्यांची नुसती सावली. इअरफोन उलटे घातले तर बुवा उजवीकडे आले, म्हणजे माझे कान ठीक होते. दुसरा मोबाईल लावला, तरी तेच. उजवीकडचा जोड पुन्हा वितळवून केला, तरी तेच. इतका वैताग आला की वायर खिडकीतून फेकावी. रविवार उजाडला तरी ती तशीच होती. मी ती वायर, पुडी आणि सोल्डरिंगची कांडी पर्समध्ये कोंबली आणि एसटीत बसले. आष्ट्याला चहा घेतानाही कानात लावून बघितली. बुवा डावीकडेच.

घरी पोचले. खुंटीवर पिशवी होती.

“झाली का गं तुजी मशीन?” आईनं पाण्याचा तांब्या हातात देत विचारलं.

“होत आलीय. जरा दुरुस्ती आहे.”

मी हातपाय धुऊन येईपर्यंत आप्पांनी वायर पर्समधून काढून मोबाईलला लावलीसुद्धा. मी ओरडले, “आप्पा, थांबा, ती अजून नीट नाही.” त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. डोळे मिटले. हळूहळू त्यांची मान खुर्चीच्या पाठीला टेकली. असं टेकून बसलेले आप्पा मी कधी पाहिले नव्हते.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “मधोमध येतंय.”

“काय मधोमध?”

“बुवा. अगदी हितं.” त्यांनी कपाळावर बोट ठेवलं.

“नाही हो आप्पा. ते डावीकडे येतायत. चुकलीय ती वायर.”

“आगं मधोमध येतंय म्हनतोय न्हवं मी.”

मी त्यांच्या कानातून इअरफोन काढून माझ्या कानात घातले. डावीकडे. परत त्यांच्या कानात घातले. मधोमध. डावी बोंडी डाव्याच कानात आहे ना, ती खूण तीनदा बघितली. बरोबर होती.

“माझं मन राखायला बोलू नका,” मी म्हणाले. मला खरंच लागलं होतं.

“मन राखाय मी काय सरपंच हाय व्हय?”

मी वायर घेऊन अंगणात आले आणि उन्हात टेप सोडली. तिथे लख्ख दिसलं. डावीकडच्या रेझिस्टरची तिसरी पट्टी काळी होती. उजवीकडची तपकिरी होती. सांगलीतल्या ट्यूबलाइटखाली मला दोन्ही काळ्या दिसल्या होत्या. उजव्या कानाच्या वाटेवर मी दहापट अडथळा घालून ठेवला होता. एवढंच! इतका हलकेपणा वाटला की मी स्वतःवर हसले. स्वयंपाकघरात मिक्सरची पिन काढून तिथे कांडी लावली, आईनं वासाला नाक मुरडलं, आणि मी तपकिरी पट्टीचा काढून काळ्या पट्टीचा बसवला. ऐकलं. बुवा माझ्या डोक्याच्या बरोबर मधोमध, मंद, गोड, सूं नाही, टोचणं नाही. इतकं सुबक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

आप्पांनी ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“बिगडवलीस की गं. समदं उजवीकडं गेलं.”

मी उंबऱ्यावर बसले. एका हातात इअरफोन, दुसऱ्या हातात काढलेला रेझिस्टर. वायर चुकली होती तेव्हा त्यांना बरोबर ऐकू येत होतं, बरोबर केली तर चुकीचं ऐकू येत होतं. माझ्या डोक्यात काहीच बसेना. रडू यायच्या बेतात होतं, आणि ते कशाचं हेही समजत नव्हतं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

“आवं, जेवाय वाडू का?”

आप्पा रस्त्याकडे बघत होते. इअरफोन माझ्या हातात होते. त्यांच्या कानात काही नव्हतं.

“आवं.”

काही नाही. आईनं माझ्याकडे बघितलं. बघितलंस ना, असं ते बघणं होतं. मग तिची नजर खुंटीकडे गेली. त्याच वेळी फाटकाबाहेरून कुणीतरी सायकलवरून जाता जाता, फारसा आवाज न चढवता म्हणालं, “बरं हाय का आप्पा?” आणि आप्पांनी ताबडतोब हात वर केला, “बरं हाय गड्या!”

मी उठले. त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, “आप्पा.” ते रस्त्याकडे बघत राहिले. खुर्चीला वळसा घालून मी उजवीकडे गेले आणि त्याच आवाजात म्हणाले, “आप्पा.”

“काय गं?”

ती चालताना घेतलेली डावी कड, ते ओरडून बोलणं, ही खुर्ची.

“कधीपासून नीट ऐकू येत नाही डाव्या कानानं?”

आधी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली. आई तिथेच उभी होती. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तोफंवर हुतो तवापासनं. तवा सांगितलं असतं तर मेडिकलमधी कॅटेगरी पडली असती. घरी धाडलं असतं.”

“मग निवृत्त झाल्यावर तरी सांगायचं.”

“तवर तुमी समद्यांनी मिलिटरी म्हनून ठरवून टाकलं हुतं. मी बी म्हनलं, असू दे. भैरा म्हनन्यापरास ते बरं.”

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती पुढे आली आणि बरोबर त्यांच्या उजवीकडे उभी राहिली.

“आन् खुर्ची?” ती म्हणाली. “ती का अशी मांडलीसा?”

“रस्त्याकडं कान लागतोय. येनारा-जानारा हाक मारतोय. ओ दिली न्हाई तर मानसं म्हनत्यात, माजलाय.”

“आन् मी?”

“तू घरातलीच की,” ते म्हणाले.

आईनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. मग तिनं जे सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. माझं लग्न झालं त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या छातीत गाठ लागली होती. तिनं ते आप्पांना सांगितलं होतं, ह्याच दारात उभं राहून, लाजत, हळू आवाजात. आप्पा रस्त्याकडे बघत बसले होते.

“मला वाटलं, तुमाला त्याचं कायबी वाटत न्हाई,” ती म्हणाली. “मग मी शेजारनीला घिऊन गेले साताऱ्याला. पान्याची गाठ निगाली. ते बी येऊन सांगितलं तुमाला. हितंच.”

आप्पांचा चेहरा मला बघवेना. मग ते उठले. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, उलटी फिरवली आणि रस्त्याकडे डावा कान करून, तोंड भिंतीकडे करून बसले. आता स्वयंपाकघराचं दार त्यांच्या उजवीकडे होतं.

“सांग,” ते म्हणाले.

“काय?”

“समदं. पयल्यापासनं.”

आई आत निघून गेली. मला वाटलं, पिशवी घ्यायला गेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गवारीची पाटी होती. ती त्यांच्या उजव्या हाताला खाली बसली आणि शेंगा मोडायला लागली. मग तिनं सुरुवात केली. त्या दिवशी आंघोळ करताना हाताला कसं लागलं, आधी वाटलं डास चावला असंल, इथपासून. आप्पा भिंतीकडे बघत मान हलवत होते.

मी आत जाऊन कांडी पुन्हा तापवली आणि वायर परत चुकीची करून ठेवली; चांगला कान अडवला की डावा त्याच्या बरोबरीला येत होता. कानाचे डॉक्टर वगैरे पुढे झालं, ते वेगळं. आप्पा अजून तीच वायर वापरतात. पिशवी त्या दिवशी खुंटीवरच होती. कधी उतरली ते मला माहीत नाही.

मी जोड फुंकून गार करत होते, तेव्हा फाटकातून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, “आप्पा, हाय का घरात?” पुन्हा एकदा मारली. आप्पांची मान वळली नाही. आई बोलता बोलता थांबली, तर ते म्हणाले, “मग? डॉक्टर काय म्हनला?”

त्यांना ती हाक ऐकू आली नाही की त्यांनी ऐकली नाही, हे मला अजून समजलेलं नाही. मीच बाहेर जाऊन सांगितलं, आप्पा कामात आहेत.